हनुवटीचं हाड काढलं की तोंड वाकडं होतं?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "इम्प्लांटच्या नावाखाली डॉक्टर जबड्याचं हाड कापून घेतात. हनुवटी बसते, तोंड वाकडं होतं, जबडा जन्मभर कच्चा राहतो. पावडरीनं भागतं, पण बिल फुगवायला हाड काढतात." माझ्याकडे येणारे पेशंट हल्ली मोबाइल दाखवूनच खुर्चीत बसतात. म्हणून उत्तर देतो. इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू. तिथं हाड कमी असेल तर हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागून हाड घेऊन भरतात, नाहीतर डबीतली तयार पावडर; या भरण्याला ग्राफ्ट म्हणतात.

हनुवटी बसते? हाड घेताना दातांच्या मुळांखाली निदान 5 मिमी सोडायचं, हनुवटीच्या खालच्या कडेचं 5 मिमी शाबूत ठेवायचं आणि ओठाला संवेदना देणारी नस जिथून बाहेर पडते त्या छिद्रापासूनही तेवढंच लांब राहायचं, हा ठरलेला नियम. जिभेकडची भिंत तर अखंडच असते. मग हनुवटी बसेल कशी? मेसेजवाल्यानं लिहायला हवं होतं ते वेगळंच: खालचे पुढचे दात काही महिने बधिर वाटू शकतात. म्हणूनच बरेच सर्जन अक्कलदाढेच्या मागचं हाड पसंत करतात. तिथं खालून नस जाते, पण ती स्कॅनमध्ये आधी दिसते. पिझो मशीनची कंपनं हाड कापतात, नसेला सहसा इजा करत नाहीत. मात्र साधा ड्रिल असो की पिझो, सलाईनची धार सोडावीच लागते. 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी हाडाच्या पेशी मरायला लागतात.

आणि दर वेळी तुकडा कापतात असंही नाही. खाच लहान असेल तर सुतार रंधा मारतो तसं स्क्रेपरनं हाडाचा कीस काढायचा आणि रक्तात भिजवून भरायचा.

"पावडरीनं भागतं." कधी कधी खरंच भागतं. पण पावडर हा नुसता सांगाडा, तिच्यात जिवंत पेशी नसतात. हिरडीखालचं हाड झिजून पातळ झालं असेल तर स्वतःच्याच हाडाचा तुकडा स्क्रूनं बसवून चार-सहा महिने थांबणं जास्त भरवशाचं. पावडर बऱ्याचदा गाईच्या हाडाची असते, हे माळकरी पेशंटला आधी सांगायलाच हवं, कृत्रिमही मिळते.

बिलाचं तर उलटंच आहे. पावडरीच्या डबीची किंमत पेशंटच्या माथी बसते, स्वतःच्या हाडाला डबी लागत नाही. वेळ आणि दुसरी जखम मात्र लागते. ब्रिजवर, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या दातावर, भागत असेल तर ग्राफ्ट कशाला, हा प्रश्न बेलाशक विचारा.

खर्र्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. भाऊ, तंबाखूनं जखम भरत नाही आणि बसवलेला तुकडा सुटतो, त्याचं खापर फुटतं डॉक्टरवर. सिकलसेलचं (रक्ताच्या आजाराचं) कार्ड असेल किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. ऑपरेशनच्या सकाळी सांगितलं तर तारीख पुढे ढकलावी लागते.