काटा येईना

‘हलव्याचे दागिने विकत कशाला? घरी करू. त्यात आहे काय, साखर आणि तीळच ना!’ हे मी बोललो ते पुतण्याच्या बायकोच्या पहिल्या संक्रांतीला आठ दिवस राहिले असताना, भरल्या घरात. वहिनी खूश झाल्या. बायकोने नुसतं पाहिलं. ती नजर मी 27 वर्षं ओळखतो.

हलवा पहाटे करतात, थंडीत. कोरड्या गार हवेत काटा चांगला येतो, असं आई म्हणाली आणि शाल पांघरून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. मंद आचेवर परात, परातीत तीळ, शेजारी साखरेचा पाक. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी तीळ हलवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. ‘पाकात दूध घालून मळी काढ. लिंबाचे दोन थेंब पुरे,’ आईने बजावलं. पाक पांढराशुभ्र व्हावा म्हणून मी अर्धं लिंबू पिळलं आणि वर चांगला उकळला. दोन थेंबांनी गोरा होतो, तर अर्ध्या लिंबाने किती होईल!

सात वाजेपर्यंत पाठ धरली, बोटं भाजली आणि परातीत तयार झाले गुळगुळीत, चकचकीत, एकमेकांना बिलगलेले तीळ. काटा सोडा, खरखरही नाही.

‘फोड आले का?’ आईने विचारलं.

‘हो.’

‘मग काहीतरी आलं.’

गेलेली अब्रू दुपारी चिक्कीने भरून काढायचं ठरवलं. सकाळच्या धड्यातून मी दोन गोष्टी शिकलो होतो: लिंबाच्या नादी लागायचं नाही आणि हात थांबवायचा नाही. साखर-पाणी कढईत चढवलं आणि घोटत बसलो. पाक छान दाटला, मी शेंगदाण्याकडे हात नेला, आणि बघता बघता कढईतलं सगळं पांढरं, कोरडं, भुरभुरीत झालं. एक किलो साखर घेतली होती, ती बहुतेक तेवढीच परत मिळाली.

इथे कन्या आली. बारावीला आहे, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकातला पहिलाच धडा घन पदार्थांचा. तिने परातीत बोट फिरवलं, कढईत चमचा खुपसला आणि म्हणाली, ‘बाबा, कमाल आहे तुझी. क्रिस्टल हवा होता तिथे तू काच केलीस, आणि काच हवी होती तिथे क्रिस्टल.’

मला काही कळलं नाही हे तिला लगेच कळलं, म्हणून तिने पंगत आणि बुफे काढले. स्फटिक म्हणजे पंगत. प्रत्येक रेणूचा पाट ठरलेला, ओळ सरळ, शेवटपर्यंत तोच क्रम. अस्फटिकी म्हणजे बुफे. माणसं तीच, पण जो जिथे सापडला तिथे ताट घेऊन उभा. पंगत उठते ती एकदम, म्हणून स्फटिक ठरावीक तापमानाला वितळतो. बुफे कधी संपला ते सांगता येत नाही, म्हणून काच आधी मऊ पडते, मग आणखी मऊ, मग वाहायला लागते. गारगोटी आणि काच दोन्ही सिलिकाच. एकीत पंगत, दुसरीत बुफे.

हलव्याचा काटा म्हणजे साखरेची पंगत, चमच्याचमच्याने बसवलेली. मी लिंबू घालून उकळल्यावर आम्लाने साखर फोडली, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले, आणि हे आगंतुक मध्ये घुसल्यावर ओळ कशी लागणार? चिक्कीत उलट. तिथे पाक 150 अंशांच्या आसपास नेऊन झटकन गार करायचा, रेणूंना पाट शोधायला वेळच द्यायचा नाही. मी घोटून घोटून त्यांना अगत्याने बसवलं. कढईच्या कडेला चिकटलेला साखरेचा एखादा कणही पुरतो. तो बसला की बाकीचे त्याच्या शेजारी मांडी घालतात.

‘म्हणून चिक्कीला गूळ बरा,’ आई म्हणाली. ‘चिकीचा गूळ काय उगीच म्हणतात?’ गुळात ते आगंतुक आधीच असतात. आईने बारावी केलेली नाही.

तिसऱ्यांदा मी साखर, पाणी, मोजून चार थेंब लिंबू घेतलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, तो ताटलीवर टणकन वाजला. शेंगदाणे पडले, पोळपाटावर लाटणं फिरलं, आणि पलीकडचं दिसेल अशी चिक्की झाली. सूनबाईचे दागिने अर्थातच बाजारातून आले. नथ, बाजूबंद, हार, सगळ्यावर टपोरे काटे. मी कोणाशी न बोलता चिक्की वाटत फिरलो.

उरलेली डब्यात भरली. कन्येने बजावलं होतं की कोरडी असताना साखरेची काच मऊ व्हायला साठ-सत्तर अंश लागतात, पण ओल शिरली की तो आकडा भराभर खाली येतो. झाकण घट्ट लाव. मी लावलं होतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला बायकोने डबा उघडला. सगळ्या वड्यांची एक वीट झाली होती, वरून काच धुरकटलेली, आणि कडेने बारीक पांढरे कण उगवलेले. आईने चष्मा वर केला, वीट उजेडात धरली आणि मला हाक मारली.

‘अरे, बघ. आला तुझा काटा.’