पहाटे साडेचारचा ओटीपी

गेल्या जूनमध्ये पहाटे साडेचारला माझा फोन वाजला. पार्ल्यात तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. आई उपाशीपोटी रक्त द्यायला एका लॅबमध्ये गेली होती आणि तिथे नंबर फक्त ॲपवरूनच लागत होता. नोंदणी करताना मी माझा भारतातला नंबर दिलेला. ते सिम मी स्टॉकहोममध्ये रोमिंगवर चालू ठेवलंय, ते केवळ ओटीपीसाठी. झोपेतून उठून सहा आकडे वाचून दाखवेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदाही तेच. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मधुमेही आहे, आणि ती तिथे उभी होती.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे लिहिलं. मावसभावाचं लगेच उत्तर आलं, "ताई, आता सगळं फोनवरच चालतं. मावशीला शिकवायला हवं. आपण युरोपच्या पुढे गेलोय."

त्याचं बरंचसं खरं आहे. यूपीआय 2016 साली आलं आणि 2020 पासून दुकानदाराला त्यासाठी शुल्क पडत नाही, म्हणून टपरीवाला कटिंगचे पैसेही आनंदाने फोनवर घेतो. इथे स्वीडनमध्ये स्विश हे फोनवरून पैसे देण्याचं ॲप 2012 पासून आहे, पण दुकानदाराला बँकेला पैसे मोजावे लागतात. मुंबईने जे उभं केलं त्याचा मला अभिमान आहे.

पण "शिकवायला हवं" हे मला पटत नाही. मी इंजिनिअर आहे, आणि स्टॉकहोमला आल्यावर पहिले सहा आठवडे माझी अवस्था आईसारखीच होती. इथला सरकारी वैयक्तिक क्रमांक मिळेपर्यंत बँकआयडी, म्हणजे फोनवरचं डिजिटल ओळखपत्र, नाही, आणि ते नाही म्हणजे स्विशही नाही. खिशात नोटा होत्या, पण बसचा ड्रायव्हर रोख घेत नाही. कॉफीच्या दुकानात "इथे रोख चालत नाही" अशी पाटी. माझ्या शिक्षणात काही कमी नव्हतं. दुसरं दार ठेवलेलंच नव्हतं.

हाच देश आता मागे वळून बघतोय. जुलै 2021 मध्ये सायबर हल्ल्यामुळे एका किराणा साखळीची सुमारे 800 दुकानं बंद पडली, कारण गल्लेच चालेनात. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारने संकटाच्या तयारीची पुस्तिका घरोघरी पाठवली. तिच्यात पाणी आणि कोरडा शिधा यांच्यासोबत, निदान आठवडाभर पुरेल एवढी रोकड घरात ठेवा, असंही लिहिलंय. मोठ्या बँकांनी रोख काढायची सोय ठेवलीच पाहिजे, असा कायदाही इथे आहे.

मुंबईकराला हे कळायला स्वीडनची गरज नाही. 26 जुलै 2005 ला फोन लागत नव्हते. 12 ऑक्टोबर 2020 ला वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. एप्रिल 2025 मध्ये यूपीआय अडकलं, तेव्हा कितीतरी जणांच्या खिशात दहाची नोटही नव्हती. त्या दिवशी आई आणि माझा तरबेज मावसभाऊ एकाच रांगेत होते.

मुंबईकडे एक गोष्ट आहे जी इथे मला मिळाली नाही. आईचा फोन पावसात भिजून बंद पडला, तेव्हा पार्ला बाजारातली भाजीवाली म्हणाली, "आजी, न्या हो, उद्या द्या." पण ती उधारी ओळखीवर चालते, आणि लॅबच्या खिडकीत आईला कोण ओळखतं? जिथे ओळख नाही, तिथे हे काम नियमाने व्हायला हवं. दवाखाना, लॅब, बँक, रेल्वे स्टेशन, सगळीकडे माणूस बसलेली एक खिडकी हवी, आणि ती मेहेरबानी म्हणून नको. आईला व्यवहार कळतात. चाळीस वर्षं घर तिने चालवलं. तिच्या स्वतःच्या रक्ताच्या तपासणीसाठी तिला सात समुद्रापलीकडे मुलीला उठवावं लागतं, यात तिचा जो अपमान होतो तो मला सहन होत नाही.

त्या दिवशी आई हटली नाही. पाऊण तासाने काउंटरवरच्या मुलीने टेबलाखालून एक वही काढली, रेघा मारलेली, आणि "नाव सांगा आजी," म्हणाली. आईने वाकून पाहिलं. त्या तारखेच्या पानावर तिच्या आधी नऊ नावं होती.