योद्ध्यांच्या संघाचा खर्च कोण भागवतो?

कथेसाठी एक काल्पनिक ख्रिस्ती जग आणि त्यातला पवित्र योद्ध्यांचा संघ मांडणारा लेख मी वाचला. त्यातला हा संघ केवळ तलवार आणि प्रार्थना यांवर उभा आहे. त्याचा खर्च कोण भागवतो, हे मात्र कुठेच येत नाही. इ.स. १११९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये यात्रेकरूंच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या टेम्पलर या इतिहासातल्या खऱ्या योद्धासंघाने दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घेतली, तरी दानात मिळालेल्या जमिनी आणि यात्रेकरूंच्या ठेवी सांभाळता सांभाळता तो राजांना कर्ज देणारा सावकार झाला. त्याच्या ऋणात असलेल्या फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने १३०७ मध्ये त्या योद्ध्यांना अटक करवली आणि १३१२ मध्ये पोपने संघच विसर्जित केला. एवढे नाट्य हाताशी असताना ते सोडू नये. आमच्या खानदेशातून, मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी संत मुक्ताईंची पालखी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लांबच्या यात्रेत मुक्काम, अन्न आणि औषध यांची गरज किती मोठी असते हे ठाऊक आहे. हॉस्पिटलर या दुसऱ्या ख्रिस्ती योद्धासंघाचा उगमही रुग्णसेवेतच आहे. शस्त्रे नंतर आली. म्हणून लेखकाने आपल्या काल्पनिक संघात शुश्रूषा करणारे बंधू आणि हिशेबनीस अवश्य आणावेत. लेखातील, दैवी प्रकाशाने क्षणात जखमा भरणाऱ्या योद्ध्यामुळे त्या सेवेला कथेत जागाच उरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.