कावळ्याचं वकीलपत्र

मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात प्रवेश नाकारला गेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाकारला असता तर बरं झालं असतं. मी रिक्षा तशीच मागे वळवली असती, आईने दिलेले अळिवाचे लाडू वाटेत खाल्ले असते आणि बहिणीशी दिवाळीपर्यंत अबोला धरला असता. सगळं रीतसर झालं असतं. पण मला थांबायला सांगितलं. तेही परवाच्या पावसात, बाणेरच्या एका सोसायटीच्या गेटवर. सोसायटीच्या नावात एक झाड, एक डोंगर आणि एक फ्रेंच शब्द आहे. यातलं आवारात फक्त झाड सापडतं, तेही कुंडीत.

तिथली पद्धत अशी. वॉचमन आपला फोटो काढतो, फ्लॅट नंबर टाकतो, वर मॅडमच्या मोबाइलवर घंटी वाजते. मॅडमनी हिरवं बटण दाबलं की आपण माणूस ठरतो. माझा जो फोटो वर गेला त्यात मी नाकावरून पाणी गळत, पोटाशी स्टीलचा डबा कवटाळून उभा होतो. तो बघून मीही मला घरात घेतलं नसतं.

हिरवं बटण काही दाबलं जाईना. मी फोन लावला. मालिशवाल्या मावशींनी उचलला.

"ताई बाळाला न्हाऊ घालतायत. थांबा."

थोड्या वेळाने पुन्हा लावला. "आता अंग पुसतायत."

मग, "आता तीट लावतायत."

"मावशी, तुम्हीच दाबा ना ते हिरवं बटण."

"माझे हात तेलाचे आहेत," मावशी म्हणाल्या आणि त्याच तेलकट हाताने लाल बटण दाबून फोन बंद केला.

"चिऊताई, चिऊताई, दार उघड!" वॉचमनच्या केबिनमधून आवाज आला. आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक आजोबा बसले होते. माकडटोपी, हातात लांब दांड्याची छत्री. स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की वॉचमनने त्यांना पाणी दिलं. केबिनमध्ये दुसरी खुर्ची रिकामी होती. ती मला कुणी देऊ केली नाही, कारण मी अजून 'पेंडिंग' होतो. पत्र्याच्या पन्हाळीखाली अर्धा आत, अर्धा बाहेर असा मी उभा, आणि वर विनोदाचा विषयही मीच.

मी जरा चिडूनच विचारलं, "आजोबा, त्या गोष्टीत चूक कुणाची?"

"कावळ्याची!" त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "शेणाचं घर! अहो, शेण हे बांधकामाचं साहित्यच नव्हे. सारवणाला ठीक. कुडाच्या भिंती लिंपायला ठीक. पण आत कूड पाहिजे ना? नुसत्या शेणाचं घर म्हणजे गिलावा आहे आणि भिंतच नाही!"

आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. हे त्यांनी सांगितलं नाही, पण पुढच्याच वाक्यात कळलं.

"आणि मुख्य प्रश्न वेगळाच आहे. कावळ्याचं घर निळ्या रेषेच्या आत होतं की बाहेर?"

"कसली रेषा?"

"पूररेषा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकामाला मनाईच." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि छत्रीच्या टोकाने ओल्या फरशीवर आकृती काढायला घेतली. "हा नाला. ही चिमणी. हा कावळा." पन्हाळीचं पाणी आलं आणि कावळा लगेच वाहून गेला. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू अहवाल मंजूर झाला.

"म्हणजे चिमणी उंचावर होती?"

"लाल रेषेच्याही बाहेर. समजूतदार पक्षी."

"मग तिने वरून बघितलं असेल की कावळ्याचं घर चाललंय."

"बघणं तिचं काम नव्हे. ते आपत्ती व्यवस्थापनाचं."

इथे माझ्यातला वकील जागा झाला. घराण्यात वकील कुणीच नाही, पण ओल्या मोज्यांनी कुणालाही मुद्दे सुचतात. म्हटलं, "बरं. मग त्या मेणाच्या घराला भोगवटा प्रमाणपत्र कुणी दिलं?"

आजोबा थबकले. "मेण साठ-बासष्ट अंशांच्या पुढे वितळतं. आपल्याकडे एवढा उन्हाळा नसतो. मऊ पडेल, पण उभं राहील."

"उन्हाळ्याचं सोडा हो. तिने बाळाला न्हाऊ घातलं ना? पावसाळ्यात? पाणी तापवलं असेलच की. मेणाच्या घरात चूल पेटवली?"

शांतता पसरली. आजोबांनी चष्मा काढून पुसला. ज्या बाजूने पुसला ती मळकीच होती, पण तो प्रश्न वेगळा.

"गॅस असंल," वॉचमन म्हणाला.

"मेणाच्या घरात सिलिंडर?" आजोबा त्याच्यावर ओरडले. "अग्निशामक दलाचा दाखला कोण देईल तिला?"

"म्हणजे बघा," मी म्हणालो, "एक तर पाणी तापवलंच नाही, म्हणजे न्हाऊ घालते ही शुद्ध थाप. नाहीतर घर मेणाचं नाही, म्हणजे ती जाहिरात. कुठल्याही बाजूने धरा, बाई खोटं बोलते."

"हा मुद्दा आहे," आजोबा पुटपुटले. कुठल्याही कचेरीतून मला एवढं यश आजवर मिळालेलं नाही.

खरं तर कावळ्याची बाजू कुणीतरी केव्हाच घ्यायला हवी होती. कर्णावर जाडजूड कादंबऱ्या झाल्या, दुर्योधनाला सहानुभूती मिळाली, रावणाच्या विद्वत्तेवर तर आपल्याकडे दसऱ्याच्या दिवशीच व्याख्यानं होतात. कावळ्याला काय मिळालं? एक घास काऊचा. तोही चिऊच्या आधी की नंतर हे घराघरावर अवलंबून, आणि शेवटी दोन्ही घास बाळाच्याच तोंडात. चिमणीला २० मार्च हा जागतिक दिवस आहे, २०१० पासून. दिल्लीने तिला २०१२ मध्ये राज्यपक्षी केलं. कावळ्याला आपल्याकडे वर्षातून एक पंधरवडा मिळतो, पितृपक्षाचा. तोही आपल्याच कामासाठी. एरवी त्याला हुसकायचं, आणि त्या पंधरवड्यात गच्चीवर वाढलेलं पान ठेवून "का शिवत नाही, काय इच्छा राहिली असेल?" म्हणून अख्ख्या खानदानाने त्याच्यापुढे हात जोडायचे.

आणि घर वाहून जायला कावळा इतका अडाणी आहे का? खेड्यापाड्यांत आजही कावळ्याने घरटं कुठे बांधलं ते बघून पावसाचा अंदाज बांधतात. आंब्यावर, करंजावर बांधलं तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर बांधलं तर दुष्काळाची चाहूल, असं जुनी माणसं सांगतात. ज्या पक्ष्याच्या घरट्याकडे बघून गावं पेरणीचं ठरवतात, त्याच पक्ष्याला आपण गोष्टीत पहिल्याच पावसात बेघर केलं! बरं, तो शेण वापरतच नाही. काटक्या वापरतो, आणि शहरात तारांचे तुकडेसुद्धा. म्हणजे आरसीसीच की! मेणाचं मात्र काही घरटं-बिरटं नसतं. चिमणी गवताच्या काड्या आणि कापूस आणते आणि भिंतीतल्या भोकात, नाहीतर आजोबांच्या तसबिरीमागे राहते. दुसऱ्याच्या घरात. भाडं नाही, डिपॉझिट नाही.

ही गोड चिऊताई अमेरिकेत काय करते ते सांगितलं तर बालवाडीतली बडबडगीतं बदलावी लागतील. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बाजूला माणसांनी हौसेने ती नेऊन सोडली. तिथे लोक एका निळ्या पक्ष्यासाठी लाकडी पेट्या टांगतात. चिमणी त्या पेटीत घुसते, मूळ मालकाला हुसकावते, प्रसंगी ठारही मारते. दार उघड म्हणणं वगैरे भानगडच नाही. आणि इकडे कावळा? कोकिळा त्याच्या घरट्यात अंडी घालून निघून जाते, आणि हा दुसऱ्याची पोरं चोच फाटेस्तोवर भरवतो. ज्याने आपल्या घरात उपऱ्यांची पोरं वाढवली, त्याला पाऊस थांबेस्तोवर वळचणीला उभं राहायला जागा नाही.

मी हे सगळं आजोबांना सांगत होतो, तेवढ्यात एक डिलिव्हरीवाला येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. पाठीवर चौकोनी पिशवी, रेनकोट पाठीला फाटलेला. त्याचा फोटो काढला गेला. त्याच्या फ्लॅटवाल्यांनीही बटण दाबलं नाही. त्याने मोबाइल दाखवला, त्यावर घड्याळ उलटं पळत होतं.

"दादा, तुमचं मत काय? चिमणी चूक का कावळा?" आजोबांनी त्यालाही ओढलं.

"काका, कुणाचं पण चूक असू द्या, माझा टाइम चाललाय," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "नाय म्हणाली असती तर गेला असता की तो दुसरीकडं."

मी इतका वेळ मेण वितळवत बसलो होतो आणि हा एका वाक्यात मूळ दाव्यावर आला. चिमणी 'नाही' म्हणतच नाही. थांब, न्हाऊ घालते. थांब, अंगडं घालते. थांब, काजळ घालते. थांब, झोपवते. प्रत्येक वेळी कारण खरं, प्रत्येक वेळी बाळ पुढे. बाळाविरुद्ध कोण बोलणार? कावळा बिचारा दारातच गोठतो, कारण त्याला वाटतं, आता उघडेल. आपण पोरांना चार पिढ्या हीच गोष्ट सांगून झोपवतोय आणि वर शिकवण काय, तर घर पक्कं बांधावं!

डिलिव्हरीवाल्याला अखेर बोलावणं आलं. वॉचमन म्हणाला, "मागनं जा. सर्व्हिस लिफ्ट." समोरची लिफ्ट रिकामी उभी होती, आरशासकट. तो पार्किंगला वळसा घालून पावसातूनच मागे गेला. मला यावर चार शब्द सुनवायचे होते, पण मीही तेव्हा पेंडिंगच होतो, आणि पेंडिंग माणसाला बाणेदारपणा परवडत नाही. ही सोसायटी बांधत होते तेव्हा ताईने मला साइट दाखवायला आणलं होतं. याच गेटच्या जागी पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, मजुरांची. दोरीवर लुगडी, दारात चुली. टॉवर पूर्ण झाला आणि खोल्या गेल्या. त्यांना वाहून न्यायला पाऊसही लागला नाही. ते लोक आता गेटवर आले तर त्यांचा फोटो निघेल. वर कुणाला पाठवायचा, ते वॉचमनला कळणार नाही.

"एकसष्ट साली पानशेत फुटलं," आजोबा एकदम म्हणाले. "बारा जुलै. आम्ही नारायण पेठेत. मी आठ वर्षांचा. ओळख ना पाळख, ज्यांचं घर उंचावर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. वडिलांनी हाक मारायच्या आधी दार उघडलं त्या बाईंनी."

"बघा! म्हणजे चिमणीला उघडता आलं असतं."

"तसं नाही." आजोबा हरायला तयार नव्हते. "पानशेतबरोबर खडकवासलाही फुटलं होतं. पुण्यात नळाला पाणीच नव्हतं. न्हाऊ कशात घालणार?"

तेवढ्यात हिरवं बटण दाबलं गेलं. वॉचमनने मला असा सलाम केला, की मघापासून पन्हाळीखाली उभा होता तो कुणी वेगळाच माणूस.

वर ताईने दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवून. "श्श्! आत्ताच झोपलंय. अरे, किती भिजलास! फोन करायचास ना." मी काही बोललो नाही. "सोफ्यावर नको बसू हं, कव्हरं कालच धुतलीत. ये, इथे शेगडीपाशी शेक जरा, बाळासाठी पेटवलेलीच आहे."

आता, माझ्या आजीच्या गोष्टीत चिमणी शेवटी दार उघडते आणि अगदी याच शब्दांत कावळ्याला म्हणते, जा, चुलीपाशी शेक. तो बिचारा गारठलेला, जाऊन तव्यावर बसतो आणि भाजतो. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. मी शेगडीपासून चांगला दूर, पायपुसण्यावर उभा राहून चहा प्यायलो. मावशी बाळाचं अंथरूण आवरत माझ्याकडे बघत होत्या. हात अगदी कोरडे होते.

परत निघालो तेव्हा पाऊस थांबला होता आणि आजोबा तिथेच होते. त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

"मी विचार केला," ते म्हणाले. "तुमच्या पक्षकाराला नुकसानभरपाई मिळू शकते. अतिवृष्टीत घर पडलंय. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यायचा. कच्चं घर म्हणून लावा, झोपडी म्हणून नको, रक्कम कमी मिळते."

"आणि चिमणी?"

"तिला साक्षीदार करा. वरून बघितलंय म्हणता ना तिने?" मी गेटपर्यंत पोहोचलो होतो. त्यांनी मागून छत्री उंचावली. "पण अर्ज लवकर टाका हो! वारसनोंदीला कोकिळेची पोरं उभी राहिली, तर हे प्रकरण काही आपल्या हयातीत मिटत नाही!"