परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर मोबाईल कोण सांभाळणार?

प्रवेश परीक्षांचे दिवस जवळ आले की बारावीच्या मुलांचे पालक एकच प्रश्न विचारतात : परीक्षेला जाताना बरोबर काय काय द्यायचे? ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, आणि खरे सांगायचे तर त्याचे उत्तर एका छोट्या परिच्छेदात मावते. प्रवेशपत्राची स्वच्छ छापील प्रत, मूळ ओळखपत्र, अर्जावर लावलेल्या फोटोच्याच पासपोर्ट आकाराच्या प्रती आणि पारदर्शक बाटलीत पाणी, एवढ्यावर बहुतेक परीक्षा पार पडतात. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनसाठी साधे पारदर्शक बॉलपेन न्यावे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटसाठी पेन केंद्रावरच मिळते, त्यामुळे घरचे लाडके पेन घरीच राहू द्यावे. नीटच्या प्रवेशपत्राबरोबर येणाऱ्या छापील नमुना-पानावर पोस्टकार्ड आकाराचा फोटो चिकटवावा लागतो आणि तो काढून घ्यायला अनेकजण विसरतात, कारण स्टुडिओत गेले की पासपोर्ट आकाराचेच फोटो मागायची आपल्याला सवय असते. डाव्या अंगठ्याचा ठसा घरूनच उमटवून न्यायचा आणि सही मात्र पर्यवेक्षकासमोर करायची, हेही त्याच कागदावर लिहिलेले असते. आर्किटेक्चरच्या चित्रकलेच्या पेपरला कंपासपेटी, पेन्सिली, खोडरबर आणि रंगीत पेन्सिली स्वतःच्याच न्याव्या लागतात.

ओळखपत्राबद्दल मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते. बहुतेक मुलांचे आधारकार्ड ती लहान असताना काढलेले असते, आणि वयाच्या पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे व फोटो नव्याने नोंदवणे आवश्यक असूनही अनेक घरांत ते काम राहून जाते. मग दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तिसरी-चौथीतल्या मुलाचा फोटो असलेले कार्ड आणि समोर मिसरूड फुटलेला अठरा वर्षांचा मुलगा, असा प्रकार होतो. त्यातच दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर स्वतःचे नाव आधी, शिवाय वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे एखादे अक्षर कमीजास्त. या गोष्टी परीक्षेच्या आठवड्यात दुरुस्त होत नाहीत, अर्ज भरण्याआधीच त्या पाहाव्या लागतात. ओळखपत्राचा मोबाईलमधला फोटो चालत नाही, हे कितीही वेळा सांगितले तरी दरवर्षी कुणीतरी फाटकापाशी मोबाईल पुढे करतेच. कपड्यांविषयीच्या सूचना सोप्या आहेत : साधे, हलके कपडे आणि जिथे सांगितले असेल तिथे बुटांऐवजी चपला. बोटांचे ठसे घेतले जाणार असतील तर लग्नसराईतली मेंदी बोटांच्या टोकांपर्यंत जाऊ देऊ नये.

इथवरचे सगळे प्रवेशपत्रावर किंवा माहितीपत्रकात वाचायला मिळते. ज्याविषयी त्यात काहीच नसते, त्यासाठी मी हे लिहिते आहे. मोबाईल, घड्याळ, पाकीट, पिशवी यांतले काहीही आत नेता येणार नाही, असे प्रत्येक परीक्षेच्या सूचनांमध्ये ठळक अक्षरांत असते. वस्तू सांभाळण्याची जबाबदारी केंद्राची नाही, असेही वर बजावलेले असते. मग त्या वस्तू ठेवायच्या कुठे? सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र असते : मुलाला गाडीतून सोडायला आलेले आई-वडील, जे पेपर सुटेपर्यंत तीन-चार तास बाहेर सावली शोधत थांबतील आणि त्यांच्या मांडीवर मुलाची सगळी चीजवस्तू असेल. म्हणजे परीक्षेला आणायच्या यादीत एक मोठे माणूसही असते, फक्त ते छापलेले नसते.

आमच्याकडच्या कित्येक मुलांना हे माणूस मिळत नाही. वडील रिक्षा चालवतात किंवा बारा तासांच्या पाळीत सुरक्षारक्षक आहेत, आई चार घरची पोळ्या-भाजीची कामे करते, आणि एका दिवसाची सुट्टी म्हणजे एका दिवसाचा खाडा. संगणकावर होणाऱ्या परीक्षांची अनेक केंद्रे आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात औद्योगिक वसाहतीच्या आत असतात. पत्ता म्हणून एक भूखंड क्रमांक आणि एखाद्या कंपनीच्या मागची बाजू एवढेच हाती येते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने जायचे, स्टेशनबाहेर शेअर रिक्षा शोधायची आणि रिक्षावाल्यालाही ठाऊक नसलेला भूखंड नकाशावर बघत बघत गाठायचा, हे मोबाईलशिवाय आज कुठल्या मुलाने करावे? लोकलचे तिकीट मोबाईलमध्ये, रिक्षाचे पैसे मोबाईलमधून, आणि तोच मोबाईल फाटकाशी गुन्ह्याचा पुरावा असल्यासारखा बघितला जातो. घराच्या किल्लीचेही तेच. आई कामावर गेल्यावर दाराला कुलूप लावून निघालेल्या मुलाने ती किल्ली कुठे ठेवावी?

अशा एका केंद्रासमोरच्या टपरीवर मी पाहिलेली व्यवस्था सांगते. टपरीवाल्याने बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यात मुलांचे मोबाईल उभे रचून ठेवले होते, प्रत्येकाभोवती रबर आणि रबरात वहीच्या पानाचा कपटा. कपट्यावर नाव आणि कव्हरचा रंग. दर मोबाईलमागे तो पैसे घेत होता आणि घेईनाच का, दिवसभर तो जोखीम सांभाळत होता. मला राग त्याचा आला नाही. परीक्षेचे शुल्क भरून घेणारी यंत्रणा जे करत नाही, ते तो चहा गाळता गाळता करत होता. पण दोन मुले पैसे नव्हते म्हणून की विश्वास नव्हता म्हणून, कुणास ठाऊक, त्याच्याकडे न जाता फाटकासमोर एका अनोळखी बाईंना आपला मोबाईल देऊन आत गेली. अशा मनःस्थितीत आत जाऊन तीन तास गणिते सोडवायची.

यावर मला नेहमी ऐकवले जाणारे उत्तर असे की मुलांनी मोबाईल नेऊच नये, आम्ही नव्हतो का गेलो! तुम्ही गेलात तेव्हा केंद्र ओळखीच्या शाळेत होते आणि तिकीट खिडकीवर मिळत होते. तरीही एकट्याने जाणाऱ्या मुलांना मी हेच सांगते की शक्य असेल तर मोबाईल घरी ठेवा, कारण आजच्या व्यवस्थेत दुसरा भरवशाचा मार्ग नाही. त्यासाठी आदल्या दिवशी केंद्र प्रत्यक्ष पाहून यावे, जाता-येताचे कागदी तिकीट काढावे, सुटे पैसे लागतील तेवढेच खिशात असावेत आणि किल्ली शेजारी द्यावी. नीट साधारणपणे मे महिन्यातल्या रविवारी असते, आणि रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याचा काळ, जो बऱ्याचदा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो. नीटचे फाटक दीड वाजता बंद होते. परीक्षेमुळे ब्लॉक रद्द झाला असेलच असे गृहीत धरू नये. शनिवारीच बातमी पाहावी आणि ट्रान्स-हार्बर बंद असेल तर ठाण्याहून ऐरोलीमार्गे जाणाऱ्या बसच्या वेळा काढून ठेवाव्यात. भर उन्हात बस मिळवून पोहोचायला लागणारा वेळ हिशेबात धरावा.

मोबाईल आत न्यायला मिळावा, अशी माझी मागणी मुळीच नाही. कॉपीचे प्रकार पाहता बंदी हवीच. पण केंद्र निवडताना संगणक किती, कॅमेरे किती, वीज गेली तर जनरेटर आहे का, हे तपासले जात असेल, तर वस्तू ठेवण्याची एक बंद खोली आणि तिथे एक जबाबदार माणूस आहे का, हेही तपासायला काय हरकत आहे? राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाने आणि जेईई मेन व नीट घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेने ही अट घालावी, असे मला वाटते.

ती घातली जाईपर्यंत एक काम आपल्याला करता येईल. ठाणे-नवी मुंबईत उन्हाळ्यात पाणपोया लावणारी मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ गल्लोगल्ली आहेत. त्यांनी परीक्षेच्या दिवशी आपल्या भागातल्या केंद्राबाहेर एक टेबल मांडावे, दोघांनी आळीपाळीने तिथे बसावे आणि मोबाईल बंद करून, किल्ली-पाकिटासह जाड लिफाफ्यात चिकटवून घ्यावा. मुलांच्या हातात चिठ्ठी मात्र देऊ नये, कारण कागदाचा कपटाही आत नेऊ देत नाहीत. लिफाफ्यावरच नाव आणि परीक्षा क्रमांक लिहावा आणि चिकटवलेल्या जागेवर मुलाची सही घ्यावी, म्हणजे परत देताना तशीच सही करून घेऊन लिफाफा ज्याचा त्याला देता येईल.