मान्यता संस्थेला की अभ्यासक्रमाला?

अमेरिकेत मेडिकल असिस्टंटचा (दवाखान्यात डॉक्टरांना मदत करणाऱ्या सहायकाचा) प्रमाणपत्र अभ्यासक्रम निवडताना शुल्क, कालावधी आणि वर्गांच्या वेळा पाहाव्यात, असा सल्ला या विषयावरील एका लेखात वाचला. तो योग्य असला, तरी त्याआधीचा एक प्रश्न त्यात राहून गेला आहे. ट्रेड स्कूलच्या, म्हणजे व्यवसाय शिकवणाऱ्या शाळेच्या, माहितीपत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ असे ठळकपणे छापलेले असते, पण ती मान्यता बहुधा संपूर्ण संस्थेची असते. मेडिकल असिस्टंटांची संघटना असलेल्या एएएमएच्या सीएमए या प्रमाणपत्र परीक्षेला बसण्याचा रुळलेला मार्ग मात्र सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांनी मान्य केलेल्या अभ्यासक्रमातूनच जातो. एनएचए या दुसऱ्या संस्थेची सीसीएमए ही प्रमाणपत्र परीक्षाही अनेक दवाखाने ग्राह्य धरतात, हे खरे. तरीही आपल्या भागातील नोकरीच्या जाहिरातींत कोणत्या परीक्षेचे नाव येते, ते पैसे भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्यक्ष काम. सीएएएचईपीच्या निकषांनुसार किमान १६० तास देखरेखीखाली काम करावे लागते. ती जागा शाळा मिळवून देते की विद्यार्थ्यालाच शोधावी लागते, हे लेखी विचारावे. सरावाच्या रबरी हातावर सुई टोचणे कोणालाही जमते. रक्त घेताना जांभळ्या झाकणाची नळी आधी भरल्यास तिच्यातील ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) पुढच्या नळीत जाऊन पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसू शकते, म्हणून नळ्यांचा क्रम पाळायचा, ही सवय मात्र समोर घाबरलेला रुग्ण असतानाच अंगवळणी पडते.

जोडीदारासोबत एच-४ व्हिसावर आलेल्या आपल्याकडच्या वाचकांसाठी एवढेच, की या व्हिसावर शिकता येते. नोकरीसाठी कामाचा परवाना वेगळा लागतो आणि तो सर्वांनाच मिळत नाही.