भजनी मंडळ आणि कल्ट: रामबागेतल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

कल्ट, म्हणजे माणसाला आत ओढून बाहेर पडू न देणारे पंथ, यांच्यावरच्या भयपटांबद्दल मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, चार माणसं जमून भजन करतात त्यातही मला कल्ट दिसतो. आणि सैतान मानणाऱ्यांनी हे सिनेमे बघून खुशाल घाबरावं, इंदूरच्या माणसाला त्याचं काय?

सैतानाचंच आधी बघू. 'रोझमेरीज बेबी'त (१९६८) तो ओझरता दिसतो, आणि शेवटी ते बाळ तर दाखवतच नाहीत. सतत दिसतात त्या शेजारच्या मिनीबाई. गरोदर रोझमेरीसाठी रोज पेला घेऊन येतात, ती पिईपर्यंत हलत नाहीत. डोहाळकरणीला डबा आणून देणाऱ्या अशा मावशी तुमच्या रामबागेत गल्लोगल्ली असतील. इतक्या मायेने दिलेलं नको कसं म्हणायचं? माझ्या अंगावर काटा येतो तो इथे. पुढे कळतं, या बाई सैतान पूजणाऱ्या टोळीतल्या, आणि नवरा आणि डॉक्टरही त्यांनाच सामील निघतात.

'द विकर मॅन'मध्ये (१९७३) तर भूतही नाही. हरवलेल्या मुलीला शोधायला बेटावर आलेला सार्जंट स्वतःच पक्का धार्मिक आहे, त्यामुळे श्रद्धेची टिंगल वगैरे काही नाही. पीक बुडालं म्हणून गावकरी त्याला जिवंत जाळतात, आणि समोर उभे राहून मजेत गातात. त्याच्यावर कोणाचाच राग नाही. रागावलेल्याची समजूत तरी घालता येते, यांची कशी घालणार?

'मिडसोमार'मध्ये (२०१९) डॅनी ही तरुणी हंबरडा फोडते, तेव्हा भोवतीच्या, त्या पंथातल्या बायका तिच्या श्वासाला श्वास जुळवून तशाच रडतात. त्यातल्या रक्तापेक्षा मला हे जड गेलं, कारण क्षणभर वाटलं, बरंय, हिला माणसं मिळाली.

आता भजन. आईच्या मंडळातली एखादी बाई यायची बंद झाली तर फार तर कुजबुज होते, तिला कोणी अडवत नाही. जोन्सटाउनमध्येही, म्हणजे एका अमेरिकन कल्टने गयानात वसवलेल्या वस्तीतही, गाणी होती, प्रार्थना होत्या. पण १८ नोव्हेंबर १९७८ला तिथून निघालेल्यांवर धावपट्टीवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्याच दिवशी नऊशेहून जास्त माणसं मेली. मी बोलतोय ते या अडवण्याबद्दल. टाळ-मृदंगाशी माझं काही भांडण नाही.

गोरे लोक आपल्या देवांची भुतं करतात, हा तुमचा टोला मात्र 'टेंपल ऑफ डूम' या इंडियाना जोन्सच्या सिनेमाला (१९८४) बरोबर लागतो. कालीभक्त म्हणजे छातीतून काळीज उपटणारे! भारतात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून ते श्रीलंकेत उरकलं. पण त्यांचा पुजारी मोलाराम झालेत अमरीश पुरी, आणि ते पडद्यावर असले की मला धड चिडताही येत नाही. ठगांवरच्या सिनेमांवर सावकाश लिहीन, तेव्हाही भांडायला या.